गॅरेजमधला दवाखाना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये दोन्ही गाड्यांना मज्जाव होता, कारण आत दवाखाना होता. पुठ्ठ्याचा. भिंती फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या खोक्यांच्या, छत नाहीच, आणि दारावर हिरव्या कागदाचं तोरण. शेजारची बाई कुत्र्याला फिरवता फिरवता थांबायची आणि विचारायची, "इज इट फॉर अ पार्टी?" मी म्हणायची, "नो, फॉर मलावी." ती हसून पुढे जायची. मी जास्त सांगायच्या भानगडीत पडत नसे. एकदा सांगायला लागले की मी थांबत नाही, हे घरच्यांनी मला पुष्कळदा ऐकवलेलं आहे.

सुरुवात सासूबाईंच्या गुडघ्यापासून झाली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी येऊन त्यांना बघायला एक नर्स नेमली गेली. उंच, शांत, हसताना डोळे बारीक करणारी, माझ्याच वयाची बाई. ती मूळची मलावीची, तरुणपणी इकडे आलेली. सासूबाई तिला पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणू लागल्या, म्हणून आम्हीही सिस्टरच म्हणू लागलो. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि सिस्टरला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दोघींच्या गप्पा चालायच्या. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असायची आणि आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एक दिवस सासूबाईंचं ब्लडप्रेशर घेऊन झाल्यावर सिस्टर तो पट्टा हातात धरून तशीच बसून राहिली. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "रोज कुणाच्या ना कुणाच्या आईचं प्रेशर घेते. माझ्या आईचं मी कधीच घेतलेलं नाही."

मग तिने सांगितलं ते असं. आई गावात, भावाकडे. भाऊ शाळामास्तर. आईला मध्यंतरी लकव्याचा हलका झटका येऊन गेला, तेव्हापासून गोळ्या हव्यात, पण हॉस्पिटल लांब. एकदाच नेलं होतं. तिथून परत आली ती शपथ घेऊनच, पुन्हा म्हणून दवाखान्यात पाय टाकणार नाही. फोनवर विचारलं की एकच उत्तर, मी बरी आहे.

"गावात दवाखाना झाला तर?" मी विचारलं.

"गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची सोय होईल," सिस्टर म्हणाली. "पण माझ्या आईने आत पाय टाकला, तर मी म्हणेन दवाखाना झाला."

झालं. माझ्या अंगात आलं. संध्याकाळी नवरा भाजी चिरत होता, त्याला म्हटलं, "आपण बांधू या."

"काय?"

"दवाखाना. मलावीत."

त्याने सुरी खाली ठेवली नाही. "जेवायच्या आधी की नंतर?" म्हणाला.

त्याला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाही. फ्रीवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले की मी सिस्टरच्या भावाला फोन लावायची आणि गाडीत मोठमोठ्याने बोलायची. गावाने जागा दिली. विटा गावातच भाजणार, गवंडी तिथलाच. आरोग्य खात्याने आठवड्यातले काही दिवस नर्स पाठवायचं कबूल केलं. आमच्याकडे काय राहिलं, तर नकाशा, पत्रे, दारं-खिडक्या आणि त्यांचा खर्च. इथल्या आमच्या मराठी मंडळात शब्द टाकला आणि लोक आपणहून पुढे आले. कधी नव्हे ते मीटिंगमध्ये भांडण झालं नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मी स्क्रीनवरची कामं पुढे ढकलण्यात घालवली होती, आणि आता कुठेतरी खऱ्या मातीच्या खऱ्या विटा आमच्यासाठी भाजल्या जाणार होत्या!

नकाशा लेकीने काढला. ती ओकलंडला एका आर्किटेक्टकडे नोकरी करते. आधी म्हणाली, "मम्मा, यू कान्ट जस्ट बिल्ड अ क्लिनिक." मग शनिवार-रविवार बसून सुबक नकाशा काढून दिला. ओसरी, तिथे बसायला बाक, आत एक मोठी खोली, तिच्या एका कोपऱ्याला पडदा लावून तपासायची जागा. साधं, स्वस्त, आटोपशीर.

अडचण अशी की नकाशा बघून आमच्यापैकी कुणालाच काही कळेना. तेव्हा मखरवाले काका पुढे आले. हे काका दिवसा चिप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन करतात आणि दर वर्षी मंडळाच्या गणपतीचं मखर त्यांच्याच हाताखाली होतं. पुण्याचे असल्यामुळे त्यांना सगळ्यातलं सगळं माहीत असतं, आणि पंचाईत अशी की बऱ्याचदा ते खरंच माहीत असतं.

"कागदावर काय बघायचंय यार?" काका म्हणाले. "फुल साइज मॉडेल करू. पुठ्ठ्याचं. माणसं आत घालू. जे बोचेल ते चेंज करू."

मखराची टीम पुठ्ठा, सुऱ्या आणि टेपची भेंडोळी घेऊन आली. दिवस मावळायच्या आत गॅरेजमध्ये दवाखाना उभा राहिला. मी आत जाऊन उभी राहिले आणि मला एकदम रडू आलं. नवऱ्याने विचारलं, "आता काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, खोकी फार छान लागलीत."

आणि पेशंट? पेशंटांची काय वानवा! आमच्या जवळच्या पार्कमध्ये रोज सकाळी आजी-आजोबांचा घोळका फिरायला येतो. कुणी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, कुणी कायमचे. नातवंडं शाळेत, मुलं-सुना ऑफिसात, आणि यांना गाडी चालवता येत नाही. मी जाऊन म्हटलं, "आम्हाला म्हातारी माणसं हवी आहेत." एरवी कुणी असं म्हटलं असतं तर राग आला असता. इथे सगळे उठून उभेच राहिले.

रविवारी सगळे इस्त्रीचे कपडे घालून हजर. नागपूरचे एक काका पुठ्ठ्याच्या दवाखान्यात खऱ्या रिपोर्टांची फाइल घेऊन आले आणि आतल्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बघा बरं, काय म्हणता?" टेबलामागे मी बसले होते. मी म्हटलं, "काका, मी डॉक्टर नाही." ते म्हणाले, "असू दे हो, बघा तर." मी बघितले. त्यांना बरं वाटलं.

पण चेष्टा बाजूला ठेवली तर त्या लोकांनी काम चोख केलं. बाकावर बसून उठायला लावलं तर निम्म्यांना हात द्यावा लागला. बाक उंच केला, पुन्हा उठले, पुन्हा उंच केला. दार वॉकरसाठी रुंद केलं. खिडकी सरकवली, कारण बाकावर डोळ्यांत ऊन येत होतं. मखरवाल्या काकांच्या हातात सुरी तयारच असायची, बदल सुचला की करकर कापून मोकळे.

सासूबाईंचं मात्र सगळ्यात मोठं भांडण झालं ते पडद्यावरून. तपासायच्या कोपऱ्यात जाऊन त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पडदा नको. दार हवं. भिंत हवी आणि दार हवं."

"काकू, पडदा चालतो की," मखरवाले काका म्हणाले. "दिसत तर नाही ना काही? दाराने बजेट वाढेल."

"दिसत नाही, पण ऐकू येतं ना!" सासूबाई कडाडल्या. त्या कडाडतात हे मला घरात माहीत होतं, बाहेरच्यांना नव्हतं. "बाईला काय काय सांगायचं असतं, तुम्हाला काय ठाऊक? पलीकडे गावचे चार पुरुष खाकरत बसलेत आणि मी अलीकडून माझी दुखणी सांगू? मी नाही सांगणार. मी म्हणेन, मी बरी आहे."

गॅरेजमध्ये सगळ्या आज्या एकदम बोलायला लागल्या. काकांनी मुकाट्याने सुरी काढली. कोपऱ्याची खोली झाली, खोलीला दार आलं. ओसरीवरचा एक छोटा कट्टा रद्द करून दाराचा खर्च बसवला. मी सासूबाईंकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत दर वेळी डॉक्टरकडे त्यांच्याबरोबर मीच जात होते, आणि सगळी उत्तरं मीच देत होते. गुडघ्याखेरीज त्यांना काय काय होतं, मी कधी ऐकलंच नव्हतं.

इतके बदल झाल्यावर काकांनी टेप घेऊन अख्खं मॉडेल मोजलं आणि त्यावरून नवा नकाशा केला. त्यांची कामाची पद्धतच ती. जे उभं आहे तेच खरं, कागदाने त्याच्यामागे यावं. नकाशा मलावीला गेला, तिकडे पाया खणला, भिंती चढू लागल्या. सिस्टरचा भाऊ रोज फोटो पाठवायचा. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून विटा बघायची.

सिस्टरने मात्र मॉडेल सुरुवातीला, नुसत्या भिंती होत्या तेव्हा पाहिलं होतं. नंतर तिच्या ड्यूट्या लागत गेल्या. ती आली ती शेवटच्या रविवारी. गणपती जवळ आले होते, काकांना मखरासाठी खोकी हवी होती, म्हणून त्या दिवशी दवाखाना मोडायचा होता. मी म्हटलं, मोडायच्या आधी तू एकदा पेशंट होऊन आत जा. सगळे गोळा झाले. सासूबाईंनी दारासमोर छोटीशी रांगोळी काढली.

सिस्टर हसत हसत दाराशी आली, आत पाऊल टाकलं आणि अडखळून थेट भिंतीवर गेली. पुठ्ठ्याचीच भिंत ती, तिच्यासकट खाली. आम्ही धावलो. तिला लागलं नव्हतं. ती उठून बसली आणि जमिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काय आहे?"

आम्ही बघितलं. उंबरठा होता.

चार बोटं उंच, पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेला, व्यवस्थित तपकिरी कागद लावलेला. कुणी सांगितला होता? कुणीच नाही. मखराच्या टीमने दार केलं आणि दार म्हटल्यावर त्यांच्या हातांनी उंबरठाही केला. आणि आमच्या साऱ्या आजी-आजोबांनी, गुडघे दुखणाऱ्यांनीसुद्धा, तिथे न बघता पाय उचलला होता. उभा जन्म तेच केलेलं. कुणाला काही बोचलंच नाही.

"मी हे ड्रॉ केलंच नव्हतं!" लेक ओरडली. "मम्मा, हू ॲडेड धिस?"

काकांचा चेहरा उतरला. "मी मॉडेल मेजर केलं," ते म्हणाले. "म्हणजे ड्रॉइंगमध्येही गेलाय." मग लगेच सावरायला बघितलं, "पण पाणी आत येत नाही त्याने. साप-विंचू—"

सिस्टर अजून खालीच बसली होती. ती म्हणाली, "माझी आई पाय उचलत नाही. डावा पाय ओढते." आणि तिने उठून चालून दाखवलं. डावं पाऊल जमिनीला घासत, सरकवत. मोडक्या भिंतीपाशी ती थांबली. "तेव्हा हॉस्पिटलात नेलं होतं ना, ती दारातल्या पायरीला अडखळून पडली. सगळी रांग बघत होती. ती उठली आणि तशीच मागे फिरली. तपासायला आत गेलीच नाही. मला हे भावाने नंतर सांगितलं, तिने नाही."

सासूबाईंना मी मराठीत सांगितलं. त्यांनी रांगोळीकडे बघितलं, मग सिस्टरकडे.

तिथल्या तिथे भावाला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती. तो म्हणाला, हो, तो दारातला उंचवटा ना, गेल्या आठवड्यातच ओतला, सिमेंटचा, फार मजबूत झालाय. गवंडी विचारत होता हा कशासाठी. गावातही सगळे विचारत होते. "आम्हाला वाटलं, तुमच्या देवाधर्माचं काही असेल. म्हणून नीट घोटून घेतलाय."

नागपूरचे काका खुदकन हसले आणि सगळे हसत सुटले, सिस्टरसुद्धा, डोळे पुसत. मी मात्र कावरीबावरी झाले. फोडायला कसं सांगायचं? इतक्या आदराने केलेला.

"फोडा म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. उंबरठ्यावर बसू नको, उंबरठ्यावर शिंकू नको, उंबरठ्यावर उभी राहून देऊ-घेऊ नको, हे मला लग्नानंतर शिकवणारी बाई. आमच्या टाउनहाउसला उंबरठा नाही म्हणून कार्पेटच्या कडेवर दिवाळीला हळदकुंकू वाहणारी.

"बघतेस काय? सांग त्याला, लगेच फोडा. आणि वर घोटून सपाट करा म्हणावं. बाहेरून उतार द्या, पाणी उताराने जाईल."

काका म्हणाले, "उतार. हां. उतार करेक्ट आहे." आणि लगेच पेन शोधू लागले.

बाकीचं काम पुढे महिनोन्‌महिने चाललं. तिकडे पावसाळा नोव्हेंबरात लागतो, तेव्हा थांबलं, पुन्हा सुरू झालं, पत्रे आले, दारं बसली. या मे महिन्यात दवाखाना उघडला. तिकडची दुपार म्हणजे आमची सकाळ. सिस्टर ड्यूटीला जायच्या आधी आमच्याकडे आली, लेक ओकलंडहून आली, मखरवाले काका गरम बटाटेवडे घेऊन आले. सहालाच मी चहाचं दुसरं आधण ठेवलं होतं. नवऱ्याने फोन टीव्हीला जोडला आणि टीव्हीवर आमचा दवाखाना आला. लाल विटा, चमकणारे पत्रे, आमच्या आज्यांनी उठून-बसून ठरवलेला बाक! मी ओरडलेच. काका टीव्हीच्या जवळ जाऊन कडेकोपरे तपासू लागले, त्यांना बाजूला ओढावं लागलं.

भाऊ फोन धरून फिरवत होता. बाकावर म्हातारी माणसं बसली होती. त्यात टोकाला एक बारीकशी बाई, कमरेला निळं-पिवळं चितेंजे, तिकडचं छापील कापड, गुंडाळलेलं, हातात काठी. सिस्टर म्हणाली, "आई."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिचा नंबर आला. तिने शेजारच्या म्हाताऱ्याला हाताने खूण केली, तुम्ही जा. तो गेला. पुन्हा नंबर आला, तिने मागच्या बाईला पुढे सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे तर मीही करते." सिस्टरने माझा हात धरला होता. तिची नखं रुतत होती. "आता ती घरी जाईल," ती पुटपुटली. "मला माहीत आहे. ती म्हणेल, मी बरी आहे."

बाक रिकामा झाला. म्हातारीने बाकावर हात टेकला आणि कुणाच्याही आधाराशिवाय उठली. काकांनी मूठ आवळली. ती दाराशी गेली आणि थांबली. दारात सिमेंटचा एक पट्टा होता, बाकीच्या जमिनीपेक्षा गडद. उंबरठा फोडून घोटला होता ती जागा. तिने काठीने तो पट्टा एकदा ठोकून बघितला. मग उजवा पाय टाकला, आणि डावा ओढला, सरकन, त्या पट्ट्यावरून, आत.

माझ्या शेजारी सोफ्यावर सासूबाईंचा पाय कार्पेटवरून चार बोटं उचलला गेला होता. त्यांना पत्ताही नव्हता.

सिस्टर उभी राहिली होती. भाऊ आईच्या मागोमाग फोन घेऊन निघाला. मोठी खोली दिसली, तिथून आतलं ते दार, ज्याच्यावरून भांडण झालं होतं. तिथली नर्स दारात उभी होती. तिने म्हातारीला आत घेतलं, भावाकडे बघून हसली आणि दार लावून घेतलं.

टीव्हीवर नुसतं लाकडी दार राहिलं.

"त्याला सांग दार उघड," सिस्टर मला म्हणाली, जणू भाऊ माझाच होता. मग स्वतःच फोनकडे झुकून त्यांच्या भाषेत घाईघाईने काहीतरी बोलू लागली. सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"नको," त्या मराठीतच म्हणाल्या. "बोलू दे तिला."

मला भाषांतर करावं लागलं नाही. सिस्टर बसली. दारापलीकडून काही ऐकू येत नव्हतं, पण खूप वेळ ते उघडलं नाही, म्हणजे आत पुष्कळ बोलणं चाललं असणार. वडे गार झाले. सिस्टर सासूबाईंचा हात हातात धरून हसत होती आणि रडत होती, आणि आम्ही सगळे त्या बंद दाराकडे बघत बसलो होतो.